घरचे हिरो, घरचे नियम

मे महिन्यात रुआबांध्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. कूलरसमोर चार-पाच भावंडं लोळत पडलेली असतात आणि ल्युडोचा कंटाळा आलेला असतो. तुमच्याकडेही हीच गत असेल, तर या वेळी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळून बघा. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी हा खेळ काढला. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे तिच्यातले हिरो होतात. काय करायचं ते तुम्ही ठरवता, ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो.

परका वाटतोय? मग भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंची पंडवानी आठवा. हातातला तंबुरा घटकेत भीमाची गदा होतो, घटकेत अर्जुनाचं धनुष्य. इथे तंबुऱ्याऐवजी पेन्सिल आणि कागद, एवढाच फरक.

खरी भांडणं हिरो बनवतानाच होतात. प्रत्येकाला सहा गुण असतात : ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. जुन्या पद्धतीत एकेका गुणासाठी तीन फासे टाकून बेरीज करायची. ती ३ ते १८ मध्ये येते, सरासरी साडेदहा. दादाला १६, १५, १४ पडतात आणि धाकटीला ९, ८, ७. तेच आकडे घेऊन कित्येक आठवडे खेळायचं असतं. दादाचा योद्धा राक्षस लोळवतो, हिच्या चेटकिणीला साधं कुलूप उघडत नाही. दोन रविवार ती हसत खेळते. तिसऱ्या रविवारी तिचं पोट दुखतं.

म्हणून पहिला नियम : चार फासे टाका, सगळ्यात लहान सोडून द्या, उरलेल्या तिघांची बेरीज घ्या. ही युक्ती जगभर चालते. सरासरी सव्वाबाराच्या आसपास जाते. तीन फाशांवर १८ पडायची शक्यता २१६ मध्ये एक असते, ती साधारण ६२ मध्ये एक होते. फासे मात्र स्टीलच्या ताटात, सगळ्यांसमोर पडले पाहिजेत. शकुनी प्रत्येक घरात एक असतोच!

पण यानेही दादा-धाकटीतलं अंतर मिटत नाही. त्यासाठी दुसरा नियम, माझ्या मते सगळ्यात कामाचा. प्रत्येकाने सहा-सहा आकडे काढायचे, सगळे एका कागदावर लिहायचे आणि त्यातला कुणाचाही एक संच सर्वांनी मिळून निवडायचा. खेळताना सगळ्यांकडे तेच सहा आकडे. कुठला आकडा कुठल्या गुणाला द्यायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं. धाकटीने काढलेला संच निवडला गेला तर तिचा रुबाब बघा! फासे नकोच असतील तर खेळाच्या पुस्तकातला तयार संच आहे : १५, १४, १३, १२, १०, ८.

निवडलेल्या संचात एक आकडा ८ किंवा त्याहून कमी हवाच. नसेल तर सगळ्यात लहान आकडा ८ करून टाका. कर्ण आपल्याला इतका का आवडतो? कवचकुंडलं होती म्हणून नाही, ऐन वेळी अस्त्र आठवलं नाही म्हणून. ही उणीव मुलांना एका वाक्यात सांगायला लावा. "माझा धनुर्धर अंधाराला घाबरतो" एवढं पुरे. मात्र घरातल्या कुणाच्या खऱ्या उणिवेवर हिरो बेतायचा नाही. एखादं मूल अडखळत बोलत असेल आणि भावाने मुद्दाम तोतरा राक्षस आणला, तर गोष्ट सांगणाऱ्याने तिथेच खेळ थांबवावा. या नियमाला अपवाद नाही.

हिरो आला कुठून, हेही लिहून घ्या. इथल्या अनेक मराठी घरांत आजोबा पोलाद कारखान्यासाठी आले, एवढंच मुलांना माहीत असतं. त्यांना सांगा की १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचं सैन्य भास्करपंतांबरोबर रतनपूरला पोचलं होतं. त्यातला एखादा स्वार वाट चुकून जंगलात शिरला तर? आजीला विचारा, ती पुढचं सुचवेल. हिरोची घरी वाट बघणारं एक माणूसही हवं. नाव आजीच देईल.

वीस बाजूंचा फासा नसेल तर डब्यात १ ते २० च्या चिठ्ठ्या टाका. काढलेली चिठ्ठी दर वेळी परत डब्यात.

राहता राहिलं मरण. मूळ नियमांत हिरो मरू शकतो. दहा वर्षांखालची मुलं असतील तर मारू नका, राक्षसाच्या कैदेत टाका. पुढच्या रविवारी बाकीचे त्याला सोडवायला जातील.