घंटा वाजू द्या, घाई नको

माझ्या मावशींचे वय ८१. गेल्या पावसाळ्यात स्वयंपाकघरातून दिवाणखान्यातला दूरध्वनी उचलण्यासाठी त्या लगबगीने निघाल्या आणि पायपुसण्याच्या कडेला पाय अडखळून पडल्या. मनगटाचे हाड मोडले. घंटा तर त्या पोहोचण्याआधीच थांबली होती; पाचव्या घंटेला निरोप घेणारे यंत्र सुरू होत असे. पुढे मुलाने त्या यंत्राची मर्यादा वाढवली. एवढी साधी गोष्ट आधी कोणाला सुचली नव्हती.

वाचकहो, ज्येष्ठांच्या घरी दूरध्वनीची मांडणी हा आरोग्याचाच प्रश्न आहे. पुढील चार गोष्टी या आठवड्यात पाहून घ्याव्यात.

पहिली, घंटेचा अवधी. आजी-आजोबांना आपल्या नेहमीच्या चालीने पलंगापासून फोनपर्यंत यायला किती घंटा लागतात, ते प्रत्यक्ष मोजावे. निरोपयंत्र त्याहून दोन-तीन घंटा उशिराने सुरू होईल असे ठेवावे. बिनतारी जोडफोन उशाशी असल्यास उत्तम.

दुसरी, कॉल वेटिंग. बोलणे चालू असता मध्येच येणारा ‘टूं टूं’ आवाज कमी ऐकू येणाऱ्यांना गोंधळात टाकतो. काहीजण घाबरून फोनच ठेवून देतात. अशांच्या फोनवरील ही सोय बंद करावी. मग पलीकडच्याला फोन व्यस्त असल्याचे सरळ कळते. घरी मोबाइलच वापरात असेल, तर सहसा *४३# लावून सोय सुरू होते, #४३# ने बंद होते आणि *#४३# ने सध्याची स्थिती कळते. याने काम न झाल्यास फोनच्या सेटिंग्जमध्ये कॉल वेटिंगचा पर्याय शोधावा. तारेच्या फोनसाठी आपल्या सेवा देणाऱ्या कार्यालयास विचारावे.

तिसरी, निरोप. साठलेले निरोप कोणी ऐकतच नसेल, तर ती सोय बंद ठेवलेली बरी. ठेवायचीच असेल, तर सायंकाळच्या औषधांबरोबर निरोप ऐकण्याची सवय लावावी. स्वागताच्या निरोपात ‘आम्ही गावाला गेलो आहोत’ असे कधीही सांगू नये. तपासणीचा अहवाल वा औषधातील बदल यंत्रावर सोपवू नये. तो प्रत्यक्ष बोलूनच कळवावा.

चौथी, सावधगिरी. ‘हा क्रमांक लावा’ असे अनोळखी माणसाने सांगितल्यास कोणताही सांकेतिक क्रमांक लावू नये. त्यातून आपले कॉल दुसऱ्याकडे वळवले जाऊ शकतात आणि बँकेचे परवलीचे आकडे त्याच्या हाती पडू शकतात. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० वर कळवावे.

शेवटी घरात एक करार करावा. फोन उचलला नाही, तर दहा मिनिटांनी पुन्हा करायचा; तरीही उत्तर नसेल, तर शेजाऱ्यांना विचारायचे. आणि ज्येष्ठांना एवढेच सांगावे : घंटा थांबली तरी चालेल, आम्ही पुन्हा करू. तुम्ही मात्र सावकाश या.