पुलापलीकडे गेलेला बैल

यंदा गणपतीला आरोंद्याला गेलो होतो. संध्याकाळी तेरेखोल नदीवरच्या पुलावर फिरायला जायचा आमचा रिवाज. अलीकडे आपला सिंधुदुर्ग, पलीकडे किरणपाणी, म्हणजे गोवा. चालताना काकांना सहज विचारलं, "आपला तांबडा बैल शेवटी कुठे गेला हो?"

काका म्हणाले, "इकलो. खंय गेलो तां इचारूक नाय."

२०१२ ची गोष्ट. त्या वर्षी घरी पॉवर टिलर आला. बैल कुठे गेला ते तेव्हा मीही विचारलं नव्हतं.

पुढे २०१५ साली महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. कत्तलीसाठी राज्याबाहेर नेणं हाही गुन्हा झाला. गोव्यात मात्र १९९५ चा कायदा आहे, तिथे प्रमाणपत्र मिळालेला बैल कापता येतो. पूल एकच, कायदे दोन! गाडी पकडली की बातमी येते ती कोण चालवत होतं आणि कुठे चालली होती याची. आत जनावरं कशी उभी होती, पाणी कधी प्यायली होती, हे शेवटच्या ओळीत. तेही आलं तर.

नियम नाहीत असं नाही. १९७८ चे नियम सांगतात की एका ट्रकात सहापेक्षा जास्त गुरं नकोत, सोबत राखणीला माणूस हवा, बुजू नयेत म्हणून तोंडं शक्यतो इंजिनाकडे हवीत. आणि मोडले तर? १९६० च्या कायद्यात जनावराच्या छळाला, पहिल्या गुन्ह्यासाठी, दंड १० ते ५० रुपये. हल्ली तेवढ्यात एक शहाळं येत नाही.

कापावं की नाही यावर आमच्या घरातही दोन मतं आहेत. मासळीवर ताव मारणाऱ्या मी त्यात शहाणपण शिकवू नये. पण वाटेतल्या हालांबद्दल दोन मतं कशाला? बंदीने प्रवास थांबलाच असं नाही, काही गाड्या रात्रीच्या झाल्या, ताडपत्रीखालच्या झाल्या. लपूनछपून जाणारा सहाचा नियम कशाला पाळेल?

२०२४ साली ब्रिटनने कत्तलीसाठी गुरं, मेंढ्या, घोडे जिवंत परदेशी पाठवणं कायद्याने बंद केलं. कापण्यावर बंदी नाही, फक्त तो लांबचा प्रवास नको. मला हा विचार पटतो. आपल्याकडे ज्या जनावरांना कायद्याने परवानगी आहे, त्यांचं तरी जवळच्या जवळ, उघडपणे व्हावं. आणि नाक्यावरचा पहिला प्रश्न 'गाडी कोणाची?' हा नसावा. 'आत किती आहेत, पाणी पाजलं का?' हा असावा.

विकणाऱ्यानेही विचारायला हवं. दिवाळीच्या पाडव्याला ज्याच्या गळ्यात आपण माळ घालतो, त्याच्यासाठी एवढं तरी.

परतताना काका बराच वेळ गप्प होते. घराची पायरी चढताना म्हणाले, "इचारूक होया होता."

मलाही.