पूर्वेची बाजू मोकळी ठेवा

कर्जतहून मुरबाडकडे गाडी काढली की कडाव मागे पडेपर्यंत रस्ता इतर कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यासारखाच वाटतो. टायरची दुकानं, वडापावच्या गाड्या, बांधकामाची वाळू. मग कशेळ्याच्या बाजूला लागलं की उजवा हात मोकळा होतो आणि सह्याद्री दिसू लागतो. एखादं शिखर, एखादा सुळका असा तुकड्यातुकड्यानं नाही. दक्षिणेला ढाकपासून उत्तरेला सिद्धगडापर्यंत सलग कडा, आणि त्याच्या पायाशी भाताची खाचरं. हाच रस्ता पुढे म्हशावरून मुरबाडला जातो. शहापूर, मुरबाड, कर्जत आणि खोपोली जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचा तो भाग आहे. महाराष्ट्रात सह्याद्री बघावा तर इथून, पायथ्यातून, असं माझं ठाम मत आहे. आणि हे बघणं आपल्या डोळ्यांदेखत बंद होत चाललं आहे, म्हणून हा लेख.

मी बदलापूरची. शाळेत भूगोल शिकवण्यात माझी नोकरी झाली. आपल्याकडे डोंगर बघायला जायचं म्हणजे वर जायचं, हे इतकं पक्कं झालंय की पायथा हा नुसता ओलांडून जायचा भाग ठरला. माथेरानला पॉइंट, खंडाळ्याला पॉइंट, माळशेजला तर काचेच्या मार्गाची घोषणा झालेली. वर उभं राहिल्यावर दरी दिसते, धुकं दिसतं, दूरवरचं कोकण दिसतं. ज्या कड्यावर आपण उभे असतो तो कडा मात्र दिसत नाही. तो बघायचा तर खाली यावं लागतं.

त्यातही वेळ साधावी लागते. हा कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सकाळी सूर्य त्याच्या पाठीमागे असतो, त्यामुळे बारापर्यंत तो नुसता काळानिळा ढीग दिसतो. मुंबई-ठाण्याहून पहाटे निघून नऊला परतीच्या घाईत असणाऱ्यांना तो तसाच दिसतो आणि तसाच लक्षात राहतो. दुपारी तीननंतर उन्हं समोरून पडू लागली की खडकाचे थर एकेक करून उघडे होतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. त्या प्रत्येक वाहण्याचा एक थर. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडी पट्टी दिसते. एक लाव्हा थंड होऊन दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरचा खडक झिजला, त्याची माती झाली, ती पुढच्या लाव्ह्यानं भाजली, ती ही पट्टी. वर्गात फळ्यावर आडव्या रेघा ओढून मी हे वर्षानुवर्षं शिकवलं. मुलं उत्तर लिहायची, पण त्यांच्या डोळ्यांत ते उतरायचं नाही. एकदा सहलीची बस कशेळ्याच्या पुढे दुपारी चारला थांबवली आणि समोर बोट दाखवलं. पुढे फार बोलावंच लागलं नाही.

डाव्या हाताला, पश्चिमेला, माथेरानचा डोंगर असतो. तोही याच खडकाचा, याच थरांचा. झीज होता होता मूळचा कडा पूर्वेकडे मागे सरकत गेला आणि माथेरान सुटं मागे राहिलं. म्हणजे आपण ज्या सपाटीवरून गाडी चालवतो, तिथे कधीकाळी डोंगरच होता. हे कळल्यावर या रस्त्यावर गाडी पळवावीशी वाटत नाही.

आता पाण्याबद्दल सांगते, कारण या पायथ्याची सगळी खुमारी पाण्यात आहे. घाटमाथ्यावर मावळात आंद्रा नावाची नदी आहे. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला; तिचं पाणी जायचं बंगालच्या उपसागराला. टाटांनी ठोकरवाडीला ती अडवली, पाणी बोगद्यातून आणि नळांतून कड्याखाली सोडलं आणि १९२२ साली भिवपुरीचं वीजगृह सुरू झालं. मुंबईसाठी वीज तयार झाली आणि वापरलेलं पाणी इकडे उल्हासच्या खोऱ्यात उतरलं. त्या पाण्यावर राजनाल्याचा कालवा निघाला. म्हणून कर्जतच्या या पट्ट्यात ऐन एप्रिलमध्ये, चहूकडचे माळ करपलेले असताना, मध्येच हिरवीगार उन्हाळी भाताची खाचरं लागतात. हेच पाणी पुढे उल्हासमधून बदलापूर, उल्हासनगर, कल्याणकडच्या नळांना येतं. माझ्या स्वयंपाकघरात भरलेला हंडा या कड्यावरून उतरून आलेला असतो. कालव्याच्या पलीकडे, डोंगराला चिकटलेल्या वाड्यांमध्ये मात्र त्याच एप्रिलमध्ये बायका कोरड्या पडत चाललेल्या विहिरीशी रांगेत बसतात. रस्त्यावरून दोन्ही दिसतं, फक्त काच खाली करून हळू जावं लागतं.

त्याच विजेशी जोडलेली आणखी एक गोष्ट इथली आहे. माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनी १९४२च्या चळवळीत आझाद दस्ता उभारला. याच पायथ्यातली शेतकऱ्यांची पोरं त्यात होती. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे त्यांनी पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दर वर्षी त्या दिवशी माणसं सिद्धगडला जमतात. म्हशाच्या अलीकडून तो गड रस्त्यावरून दिसतो. त्याच्याकडे बघताना हे माहीत असलं तर रस्ता वेगळा होतो.

माझ्या सासूबाईंचं माहेर कशेळ्याच्या पुढे, डोंगराकडच्या एका गावात. त्यांना शेजारच्या सीटवर बसवून हा रस्ता करणं ही वेगळीच शिकवण असते. मला दिसतो तो कडा, त्यांना दिसतात त्या वाटा. खांडसवरून भीमाशंकरला चढणारा गणेश घाट आणि त्याच्या शेजारची उभी शिडीची वाट, भिवपुरीकडचा कुसूरचा घाट, आणि मुरबाडच्या पुढे सातवाहनांच्या काळापासून चालू असलेला नाणेघाट. महाशिवरात्रीला त्यांचं अख्खं गाव रात्रीच निघायचं आणि गणेश घाटानं भीमाशंकर गाठायचं. कोणती वाट कुठल्या आंब्याखालून फुटते, कुठे पाणी आहे, कुठे पाठीवरचा भारा टेकवायला दगड आहे, हे त्या गाडीतून बोट दाखवून सांगतात. फेब्रुवारीत पांगारा आणि पळस फुललेला असतो. मेमध्ये पोरं पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन रस्त्याकडेला उभी राहतात. पाऊस पडायच्या सुमाराला ठाकर आणि कातकरी बायका शेवळाच्या जुड्या आणतात, सोबत काकडं देतात, कारण त्याशिवाय शेवळं घशाला खाजतात. हे सगळं विकायला येतं ते वरकस जमिनीतून आणि रानातून, आणि रानात जायचं त्याच वाटांनी.

गेल्या वर्षी अशाच एका वळणावर सासूबाई म्हणाल्या, ‘‘गाडी थांबव गं. इथून वाट होती आमची.’’ समोर भिंत होती. सात-आठ फूट उंच, वर तारा, मध्ये लोखंडी फाटक आणि फाटकावर फार्महाऊसचं नाव. भिंतीच्या वर कड्याची फक्त वरची कड दिसत होती. त्या खाली उतरल्या, भिंतीच्या कडेकडेनं थोडं चालल्या आणि परत आल्या. ‘‘बायका आता ओढ्यातून जात असतील,’’ एवढंच म्हणाल्या. पावसाळ्यात त्या ओढ्यातून जाता येत नाही.

अशा भिंती आता सगळीकडे उभ्या राहताहेत. रस्त्यालगतच्या जमिनीचे तुकडे पडतात, बिनशेती होते, प्लॉट विकले जातात, आणि सगळ्यात आधी भिंत बांधली जाते. घर नंतर, कधी पाच वर्षांनी, कधी नाहीच. जिथे भिंत नाही तिथे फलक आहेत: ‘डोंगराच्या कुशीत’, ‘निसर्गाच्या सान्निध्यात’. ज्या डोंगराच्या नावानं प्लॉट विकायचा तोच त्या फलकानं झाकलेला असतो.

जमीन विकणाऱ्याला मी बोल लावणार नाही. दोन एकर भात, वर्षातून एकदा पीक, मागून थोडा वाल, मुलं कारखान्यात कंत्राटावर. घरात लग्न किंवा आजारपण आलं की जमीन हाच आधार असतो. घेणाऱ्यालाही शांत जागा हवी आहे, ते मला समजतं, मीही डोंबिवली-कल्याणच्या गर्दीत वाढले. माझं म्हणणं शासनाला आणि ग्रामपंचायतींना आहे, कारण हे थांबवणं त्यांच्या हातात आहे आणि फार अवघडही नाही.

महामार्गालगत इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा आखलेल्या असतात. रस्त्याच्या मध्यापासून किती अंतरात काय बांधायचं याचे नियम आहेत. कशेळे ते मुरबाड या टापूत रस्त्याच्या पूर्वेच्या बाजूसाठी त्यात एवढीच भर घाला, की कुंपण असेल ते कमरेइतकं, किंवा तारेचं, किंवा हिरवं. इथे पूर्वापार निवडुंगाचं, काट्यांचं, निरगुडीचं कुंपण असतंच. ढोरं अडतात आणि नजर अडत नाही. पूर्वेच्या बाजूला जाहिरात फलकाला परवानगी नको. रस्ता रुंद करताना जिथे जुनं वडाचं किंवा आंब्याचं झाड आहे तिथे दोन हात पश्चिमेला सरका. रस्ता चांगला हवा, याबद्दल दुमत नाही. बाळंतिणीला घेऊन खांडसहून कर्जतला येणाऱ्या गाडीला खड्डा नको. पण चांगल्या दोन पदरांवर ती गाडी वेळेत पोहोचते.

डोंगराच्या उतारावर, रस्त्यापासून आत, जे चाललंय ते मात्र याहून गंभीर आहे. प्लॉटपर्यंत गाडी जावी म्हणून जेसीबीनं उतार कापतात, पायऱ्या करतात, ओढ्याचं तोंड बुजवतात. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड आली आणि ८०हून अधिक माणसं गेली. तिथे कुणी प्लॉट पाडले नव्हते; मुसळधार पाऊस आणि उभा उतार एवढंच पुरलं. ज्या उताराला माणसानं हात लावलेला नाही तोही असा सुटतो, तर कापलेल्या उताराखाली वसलेल्या वाड्यांची काळजी कुणी करायची? पश्चिम घाटावर गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये आला, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ मध्ये. त्यानंतर अधिसूचनांचे मसुदे निघत राहिले, सहावा २०२४च्या जुलैअखेर. अंतिम निर्णयाची वाट न बघता तहसीलदार उतार कापणाऱ्याचं गौण खनिजाचं उत्खनन थांबवू शकतात. ते थांबवावं.

आणि वाटा. प्रत्येक गावाचा गाव नकाशा असतो. त्यात गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवतात आणि पायमार्ग एका तुटक रेषेनं. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली आहे. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदार तो खुला करून देऊ शकतात. बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं १४३ कलम आहे. बऱ्याच गावांत लोकांना हे ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं त्यांना भिंतवाल्याच्या वकिलाची भीती वाटते. ग्रामसभेनं आपल्या हद्दीतल्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटांची यादी करून ठराव केला तर एकट्यादुकट्याला झगडावं लागणार नाही. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना बोलावून बसवलं तर यादी एका दुपारी होईल.

कुणाला हा रस्ता करायचा असेल तर ऑक्टोबरात, भात सोन्यासारखं पिवळं झालेलं असताना करा. पावसानं हवा धुऊन निघालेली असते आणि कड्यावरचे थर स्वच्छ दिसतात. कर्जतहून दोनला निघा. कशेळ्यावरून उजवीकडे आंबिवलीपर्यंत आत जाऊन कोथळीगडाचा सुळका जवळून बघा. त्या सुळक्याच्या पोटात खडक कोरून जिना केलेला आहे. परत मुख्य रस्त्याला लागून म्हशाकडे या. जानेवारीच्या सुमाराला, पौष पौर्णिमेला, तिथली यात्रा भरते. बैल आणि घोंगड्या घ्यायला लांबून माणसं येतात. मुरबाडच्या पुढे जायला उजेड उरला असेल तर जीवधन आणि नाणेघाटाचा अंगठा दिसेपर्यंत जा. गाडी थांबवाल तेव्हा पूर्ण रस्त्याबाहेर घ्या, खळ्यात किंवा कुणाच्या खाचरात चाकं घालू नका, आणि रस्त्याकडेच्या बाईकडून काही घेतलंत तर भाव करू नका.

सासूबाईंच्या गावच्या नकाशाची प्रत आम्ही भूमी अभिलेख कार्यालयातून काढली आहे. त्यांची वाट त्यात आहे, एका तुटक रेषेनं, थेट त्या भिंतीच्या आतून डोंगराकडे गेलेली. येत्या ग्रामसभेत तो नकाशा मांडायचा ठरलं आहे. त्यांच्या माहेरच्या चार बायका बोलणार आहेत आणि वाट कुठून जायची ते दाखवायला सासूबाई स्वतः येणार आहेत.