शाळेने पोराच्या मागे जावे

विठ्ठलवाडी (जि. ठाणे)



शिक्षणाचा विषय निघाला की आपल्या बैठकांत दोन तक्रारी हटकून ऐकू येतात. पहिली अशी की शाळेने पोर बिघडवले. बारावी झाला, आता चिखलात उतरायला लाजतो आणि नोकरीही कोणी देत नाही. दुसरी तक्रार नेमकी उलटी. पोराला शाळेत टिकवता आले नाही, म्हणून त्याच्याही नशिबी तेच खाचर आणि तेच कर्ज आले. पुष्कळदा दोन्ही तक्रारी एकाच घरातल्या असतात. बाप पहिली करतो, आई दुसरी करते.

आता शहरातून तिसरा सूर निघाला आहे. मूल निसर्गतःच शिकते, शाळा त्याचे शिकणे मारते, तेव्हा शाळाच नको. ज्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट आहे आणि आईबाप दोघे पदवीधर आहेत, त्यांना हे परवडेल. आपल्याला परवडेल का, आणि या म्हणण्यात खरे किती, याचा विचार आपल्या बाजूने कोणी केलेला नाही. तो आपणच केला पाहिजे.

पोर काय घेऊन येते?

मुरबाड, शहापूर, अंबरनाथच्या भातपट्ट्यातले चौथीतले पोर घ्या. राबाला टहाळे, पालापाचोळा आणि शेण कसे पसरायचे, हे त्याला माहीत असते. आवण उपटायला कधी आले, ते त्याला पाहून कळते. खेकड्याने बांध कुठे पोखरला, ते पहिल्यांदा त्याच्या लक्षात येते. शेवळाच्या भाजीत काकडे घातली नाहीत तर घसा खाजतो, हे पोरीला कोणी फळ्यावर शिकवलेले नसते. हे सगळे शिक्षणच आहे. पाहून, करून आणि चुकून झालेले.

शाळा यातले काय विचारते? काहीच नाही. पुस्तकात 'आवण' हा शब्दही सापडत नाही, तिथे 'रोप' असते. वारली, कातकरी, आगरी घरातल्या पोराची भाषा दारातच अडवली जाते. पहिल्याच दिवशी त्याला कळते की आपल्याला येते ते इथे चालत नाही आणि इथे चालते ते आपल्याला येत नाही. पुढे ते मागच्या बाकावर गप्प बसते. मग मास्तर म्हणतात, पोर मठ्ठ आहे.

हा केवळ ठाणे जिल्ह्याचा अनुभव नाही. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांची पाहणी केली. ती २०२५ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आली. गिऱ्हाइकाशी चार जिनसांचा तोंडी हिशेब ही मुले बिनचूक करतात. तीच बेरीज-वजाबाकी शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडून दिली की अडखळतात. शाळेत शिकणाऱ्या मुलांचे उलटे. कागदावरचे गणित त्यांना बरे जमते, बाजारातला हिशेब जमत नाही. इथे विठ्ठलवाडीत किंवा कल्याणच्या भाजीबाजारात आईशेजारी बसलेले पोर पाहा, याची खात्री पटेल. बाजार आणि वर्ग यांच्यामध्ये पूल नाही, आणि त्यात दोन्हीकडच्या पोरांचे नुकसान आहे.

घर 'कसे' शिकवते, 'का' कोण शिकवणार?

शेती हा माझा अभ्यासाचा विषय, म्हणून उदाहरणे शेतीचीच देतो. भाताचे बी पेरण्याआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाकतात. पोचट बी तरंगते ते काढून टाकायचे, तळाशी बसलेले धुऊन वापरायचे. पोराने हे घरी पाहिलेले असते. पण मिठाच्या पाण्यात तरंगणारे काही बी साध्या पाण्यात का बुडते, हे घर सांगू शकत नाही. तेच पोर शाळेत घनतेची व्याख्या पाठ करते. ती व्याख्या आणि घरची बादली यांचा संबंध आहे, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

दुसरे उदाहरण चारसूत्री भातलागवडीचे. चुडातले अंतर आळीपाळीने १५ आणि २५ सेंटिमीटर ठेवायचे आणि जवळच्या चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक ब्रिकेट चिखलात खोचायची. म्हणजे दर ४० बाय ४० सेंटिमीटरला एक ब्रिकेट. एका आरला किती लागतील? ६२५. हेक्टरला? ६२,५००. एक ब्रिकेट २.७ ग्रॅमची, तर हेक्टरी खत सुमारे १६९ किलो. क्षेत्रफळ, गुणाकार, दशांश आणि वजने, पाचवी-सहावीचे एवढे गणित एका खाचरात आहे. पोराने हे एकदा बांधावर केले तर गणित त्याला कळेल, आणि बापाच्या खताचा खर्चही कळेल.

सारांश असा की घर पोराला कसे करायचे ते शिकवते. का, ते शिकवायला शाळा लागते. शाळा नकोच म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही. आणि घरचे 'कसे' बाजूला सारून नुसते 'का' घोकायला लावणारी शाळा पोराला दोन्हीकडून तोडते.

कोसबादला काय झाले?

हे होऊ शकते का, असे कोणी विचारील. आपल्याच जिल्ह्यात ते झाले आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम करून आल्या होत्या. १९४५ साली त्यांनी डहाणूजवळ बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. शहरी बालवाडीची महागडी साधने खेड्यात कुठून आणायची? त्यांनी शंखशिंपले, बिया, खडे, पाने गोळा केली आणि त्यांतून मोजणे, रंग आणि आकार शिकवले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. सरकारची अंगणवाडीची योजना १९७५ साली आली, म्हणजे पुष्कळ नंतर.

१९५७ साली हे काम कोसबादच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांमध्ये गेले. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, २०१४ पासून पालघर आहे. तिथे अडचण वेगळी होती. सहा-सात वर्षांचे पोर दिवसभर गुरांमागे असे. त्याला शाळेत आणावे तर गुरे कोण राखणार? शिक्षणखात्याचे उत्तर ठरलेले असते, पालक अडाणी आहेत. या बायांनी उत्तर शोधले ते कुरणशाळेचे. जिथे गुरे चरतात तिथे शिक्षक गेला.

नव्वदीच्या दशकात वसई-भिवंडीच्या बाजूला विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, त्याही याच विचाराच्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची झोपडी. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जाते ते पावसाच्या तोंडावर परतते. शाळेचे निम्मे वर्ष असे जात असेल तर दोष पोराचा कसा?

एक सावधगिरी

पोर शेतात शिकते म्हणून त्याला शेतातच ठेवा, असा याचा अर्थ कोणी काढील. तो काढू देता कामा नये. वर्षानुवर्षे गुरेच राखणारे पोर फक्त गुरे राखायला शिकते. कामातून शिकणे आणि कामाला जुंपणे यांत फरक आहे. अनुताई कुरणात गेल्या त्या पोराच्या हातात पाटी द्यायला.

आपल्या लोकांना याबाबत संशय आहे आणि तो रास्त आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची नई तालीम मांडली गेली. विचार चांगला होता, हस्तकौशल्यातून शिक्षण. पण शेतकऱ्याने मनात विचारले, साहेबाचा पोरगा इंग्रजी शिकणार आणि माझा सूत कातणार काय? त्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. उत्तर एकच असू शकते. गावच्या शाळेत बांधावरचे गणित आलेच पाहिजे, आणि शहरातल्या पोराला मिळते ते सगळेही मिळाले पाहिजे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच सांगितले होते. सरकारचा पैसा रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. त्यांनी प्राथमिक शिक्षण सर्वांना मागितले आणि त्यात शेतीचे ज्ञानही मागितले. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढून शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांना हाताने करता करता विज्ञान शिकवून दाखवले. वाट आहे, चालणारे सरकार पाहिजे.

आज उलटी दिशा

सरकार मात्र उलट्या दिशेने निघाले आहे. २०२३ साली शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. मोठी इमारत, संगणक, मुलांना न्यायला गाडी, असे चित्र दाखवले जाते. पण पाड्यावरची शाळा गेली की आठ वर्षांची पोरगी ओढा ओलांडून गाडीच्या रस्त्यापर्यंत येणार कशी? पावसात गाडी आली नाही तर त्या दिवशी शिक्षण बंद. पहिली ज्यांची शाळा सुटते त्या पोरी असतात. ताराबाई-अनुतायांनी शाळा पोराकडे नेली. आता पोराला शाळेच्या मागे धावायला सांगितले जात आहे.

बैठकीपुढे मांडणी

शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा. त्यात आपल्या हातात दिलेल्या गोष्टी आपण वापरत नाही. जिल्हा बैठकीने पुढील मागण्यांवर ठराव करावा असे मला वाटते.

१. पाड्यावरची एकही प्राथमिक शाळा पटाच्या कारणाने बंद होऊ नये.

२. शाळेचे वेळापत्रक आवणी-कापणी पाहून ठरावे. कायद्याच्या कलम ९ प्रमाणे ते ठरवण्याचे काम स्थानिक प्राधिकरणाचे आहे. तेव्हा मागणी जिल्हा परिषदेकडे करायची.

३. भट्टीवर आणि ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या मुलांना जिथे असतील तिथे प्रवेश मिळावा. हेही त्याच कलमात आहे.

४. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. समिती कागदावर आहे की बैठका घेते, हे प्रत्येक गावाने तपासावे.

५. गावातल्या जाणत्या शेतकऱ्याने आणि शेतकरीण बाईने महिन्यातून एक दिवस वर्ग बांधावर घ्यावा. मास्तरांनी त्याचे गणित आणि विज्ञान करून घ्यावे. याला कोणाच्या अनुदानाची गरज नाही.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या गावच्या शाळेचा पट, शिक्षकांची संख्या आणि पावसाळ्यात शाळा किती दिवस भरली, एवढे लिहून आणा. शेवटची माहिती हजेरीपुस्तकातून घेऊ नका, पोरांना विचारा.