चोरीची चावी आणि आपली लिपी

उर्दू शाळांतल्या संगणकांविषयी बोलायचे झाले की चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. किती संच आले, किती बंद पडले, वीज आहे की नाही, शिकवणारा माणूस आहे की नाही. जळगाव असो, भुसावळ असो वा धुळे, शिक्षक एकत्र जमले की हाच पाढा म्हटला जातो. तो खोटा आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या यंत्राच्या आत जे चालते त्याचा मालक कोण, हा प्रश्न मात्र आपल्यापैकी कोणी विचारत नाही. यंत्र आपले, विजेचे बिल आपले, मुले आपली, लिहिलेला मजकूर आपला. मग त्या मजकुराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात का?

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. संगणकाचा तज्ज्ञ नाही, वापरणारा आहे. पण वापरणाऱ्यालाही हक्क असतात, आणि ते कोणी सांगितले नाहीत म्हणून नाहीसे होत नाहीत. म्हणून थोडे सरळ बोलतो.

आपण सगळे, म्हणजे शाळा, छोटे छापखाने, डीटीपीची दुकाने, अंजुमनांच्या कचेऱ्या आणि साहित्यिक मंडळीसुद्धा, गेली पंचवीस-तीस वर्षे बहुतांशी चोरीच्या चावीवर दिवस काढत आहोत. दुकानदार संगणक जोडून देतो आणि वर अभिमानाने सांगतो, 'सर, सगळे टाकून दिले आहे.' हे 'सगळे' म्हणजे विंडोज, ऑफिस, फोटोशॉप आणि उर्दूसाठी इनपेज. पावती फक्त यंत्राची. आतल्या मालाची पावती कोणी मागत नाही, कोणी देत नाही. आणि आपण समजतो, फुकटात काम झाले.

फुकटात काही झालेले नाही. कॉपीराइट कायद्याचे कलम 63 ब वाचून पाहा. नकली प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, असे ते कलम सांगते. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते, तरी दंड होऊ शकतोच. म्हणजे आपण शाळेच्या खोलीत मुलांना प्रामाणिकपणाचा धडा शिकवतो आणि तो धडा ज्या पडद्यावर दाखवतो, तो पडदाच गुन्ह्यावर उभा असतो. आधीच ज्या समाजाकडे संशयाने पाहिले जाते, त्याच्या शाळेने असा दोरा कोणाच्याही हाती का द्यावा?

पण माझा मुख्य मुद्दा कायद्याच्या भीतीचा नाही. चोरीच्या चावीने दार उघडते, घर आपल्या नावावर होत नाही. नकली प्रतीत आत काय आहे ते पाहता येत नाही, बिघडले तर दुरुस्त करता येत नाही, उजळ माथ्याने दुसऱ्याला देता येत नाही. उलट तिचा फायदा शेवटी कंपनीलाच होतो. दहा वर्षे एकाच कंपनीच्या खिडकीतून जग पाहिलेले मूल मोठे होऊन नोकरीला लागते, तेव्हा त्या कंपनीचेच गिऱ्हाईक होते. आजची नकली प्रत ही उद्याच्या गिऱ्हाइकाची पेरणी आहे.

आता आपल्या लिपीकडे वळू. नस्तालीक ही यंत्राला सहज वश होणारी लिपी नव्हे. अक्षरे तिरकी उतरतात, शेजार बदलला की रूप बदलतात. म्हणून छपाईचे युग आले तरी उर्दू वृत्तपत्रे कातिबांच्या हातांनीच लिहिली जात राहिली. 1981 मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या खुशनवीसीवर आधारलेले नूरी नस्तालीक आले आणि 'जंग'ने लाहोरात त्यावर वृत्तपत्र काढले. 1994 मध्ये दिल्लीच्या कंपनीचे इनपेज आले आणि उर्दू साध्या संगणकावर उतरली. हे उपकार मोठे आहेत, ते नाकारणे कृतघ्नपणा होईल.

परंतु उपकाराबरोबर एक कुलूपही आले. जुन्या इनपेजमध्ये लिहिलेला मजकूर इनपेजलाच समजे. दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडला की कचरा दिसे. पुढच्या आवृत्त्यांत युनिकोड आले खरे, पण तोवर एका पिढीचे लेखन, दिवाण, अंक, प्रश्नपत्रिका त्या बंद पेटीत जमा झाले होते. लेखक जिवंत, वाचक जिवंत, भाषा जिवंत, आणि मजकूर मात्र एका कंपनीच्या मर्जीवर! लिपी कोणाची? शतकानुशतके कातिबांनी, शायरांनी, मदरशांतल्या मुलांनी घासून-पुसून चमकवलेली. पेटी कोणाची? विकणाऱ्याची.

मराठी वाचकांनी यात 'तुमच्या उर्दूचे दुखणे' असे म्हणून पान उलटू नये. श्रीलिपी, आकृती, शिवाजी फॉन्ट यांची आठवण काढा. एका छापखान्यातली फाइल दुसऱ्या छापखान्यात गेली की मराठीचे काय होत असे, हे दिवाळी अंकाच्या प्रत्येक संपादकाला ठाऊक आहे. 'क' च्या जागी इंग्रजी चिन्हे, जोडाक्षरांच्या जागी चौकोन. जगातल्या सगळ्या लिपींना एकच क्रमांकपद्धती देणारे युनिकोड 1991 पासून उपलब्ध असताना आपण वर्षानुवर्षे प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या कुलपात मराठी कोंडत राहिलो. उर्दू आणि मराठी यांच्यात भांडणे लावणारे पुष्कळ भेटतात. या दोन भाषा एकाच तुरुंगात होत्या, हे सांगणारे कमी.

यावर उपाय आहे, आणि तो नवा नाही. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक प्रोग्रामर होता. तिथला छपाईचा नवा प्रिंटर सारखा अडकत असे. त्याला दुरुस्ती करायची होती, पण प्रोग्रामची मूळ संहिता कंपनीने दिली नाही. ज्याच्यापाशी ती होती त्याने 'मी करारात बांधलेला आहे' म्हणून नकार दिला. त्या नकाराच्या चिडीतून, 1983 मध्ये, त्याने सर्वांसाठी खुली अशी संपूर्ण प्रणाली लिहायचा संकल्प जाहीर केला. 1991 मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याचे लिनक्स त्याला येऊन मिळाले. आज जगातले बहुतेक मोठे सर्व्हर त्यावर चालतात. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या तळाशीही लिनक्सच आहे.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे चार हक्क: हव्या त्या कामासाठी वापरण्याचा, आतली रचना पाहून गरजेप्रमाणे बदलण्याचा, प्रती वाटण्याचा, आणि सुधारलेली प्रतही वाटण्याचा. इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द असल्याने तिकडे गोंधळ होतो. आपल्याकडे 'मुफ्त' वेगळे आणि 'आजाद' वेगळे. तरी गोंधळ आपणच जास्त घालतो, कारण आपल्याला मुफ्तची चटक लागली आहे.

धुळ्यात किंवा मालेगावात पावरलूम चालवणाऱ्या कुटुंबातली मुले आमच्या वर्गात बसतात. त्यांना हे लगेच समजते. माग बिघडला तर बाप स्वतः खोलतो, नाहीतर फिटर येतो. धोट्यापासून दातेरी चाकापर्यंत सगळे उघड्यावर. माग बनवणारी कंपनी 'आत पाहू नको, शेजाऱ्याला दाखवू नको' असे म्हणाली तर कोणी असा माग घेईल काय?

आणि मागाचाच इतिहास पाहा. नक्षीचे कापड विणण्यासाठी फ्रान्सच्या जॅकार्डने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांचा माग केला. भोक असेल तिथे एक धागा उचलला जाई, नसेल तिथे नाही. संगणकाच्या प्रोग्रामचा पूर्वज तो हाच. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्रासाठी पुठ्ठ्यांची कल्पना तिथूनच घेतली. नेपोलियनच्या काळात फ्रेंच सरकारने जॅकार्डचा माग सार्वजनिक मालमत्ता ठरवला आणि त्याला हयातभर पेन्शन व प्रत्येक मागामागे ठरावीक रक्कम बांधून दिली. 'सगळे खुले केले तर बनवणाऱ्याने खायचे काय?' असे विचारणाऱ्यांना विणकरांच्या धंद्याने दोनशे वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारेही आज पगार घेतातच. सेवेचे, दुरुस्तीचे, प्रशिक्षणाचे पैसे घेण्याला कोणाचीही ना नाही. ना आहे ती कुलपाला.

हे सगळे आपल्याला जमेल काय, अशी शंका घेणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. तिथे 2001 मध्ये 'आयटी अॅट स्कूल' सुरू झाले. सुरुवातीचा अभ्यासक्रम एकाच कंपनीच्या मालाभोवती होता. शिक्षक संघटनांनी विरोध केला आणि हळूहळू सगळ्या सरकारी व अनुदानित शाळा लिनक्सवर आल्या. शाळांतल्या दोन लाखांवर संगणकांसाठी परवाने विकत न घेतल्याने सुमारे तीन हजार कोटी रुपये वाचतात, असा हिशेब तिथल्या 'काइट' या सरकारी संस्थेने 2019 मध्ये मांडला. माझ्या दृष्टीने पैशापेक्षा मोठी गोष्ट ही की हा निर्णय शिक्षकांच्या रेट्यातून झाला. आपल्या संघटना बदल्या आणि वेतनश्रेणीसाठी रस्त्यावर येतात, आलेच पाहिजे. पण फळ्यानंतरचे जे सर्वांत मोठे साधन वर्गात आले, त्याच्याविषयी आपला ठराव कुठे आहे?

सरकारी कागदही आपल्या विरोधात नाही. केंद्राचे खुल्या मानकांचे धोरण 2010 चे, शाळांतल्या संगणक-शिक्षणाचे राष्ट्रीय धोरण 2012 चे, आणि सरकारी कामात खुल्या सॉफ्टवेअरला पहिली पसंती देण्याचे धोरण 2015 चे. कागद कपाटात आहेत, चोरीची प्रत टेबलावर आहे.

'लिनक्सवर उर्दू दिसत नाही,' हा आक्षेप एकेकाळी खरा होता. आता नाही. 2014 मध्ये गूगलचे नोटो नस्तालीक आले, 2022 मध्ये गुलजार नावाचे नस्तालीक आले. दोन्ही खुल्या परवान्यावर. देवनागरीसाठी मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आहे. लिब्रेऑफिसमध्ये उजवीकडून डावीकडे उर्दू आणि डावीकडून उजवीकडे मराठी एकाच पानावर लिहिता येते. गूगल हीसुद्धा कंपनीच आहे, हे मी विसरलेलो नाही. फरक असा की खुल्या परवान्यावर दिलेली लिपी उद्या कंपनीला वाटले म्हणून परत घेता येत नाही.

'नोकरीला विंडोजच लागते, एमएस-सीआयटीही त्याचीच,' असेही म्हणतात. त्यातले 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र स्टेट, मायक्रोसॉफ्ट नव्हे, एवढे तरी ध्यानात असू द्या! पत्र लिहिणे, तक्ता करणे, हिशेब मांडणे हे ज्याला कळले तो कोणत्याही प्रोग्रामवर चार दिवसांत रुळतो. शाळेने मुलाला गणित शिकवायचे असते, एका कंपनीचा कॅल्क्युलेटर नव्हे.

आता निकडीची गोष्ट. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित आधार थांबवला. विंडोज 11 ला सुरक्षेची विशिष्ट चिप लागते, ती असंख्य जुन्या संगणकांत नाही. म्हणजे चांगला चालणारा संगणक कंपनीच्या एका तारखेमुळे 'जुना' ठरला. आमच्यासारख्या शाळांत येतात ते बहुधा असेच, कोणा व्यापाऱ्याने, कोणा माजी विद्यार्थ्याने देणगीत दिलेले संच. धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळा लोकवर्गणीतून डिजिटल करण्याची मोठी चळवळ झाली. मजुरी करणाऱ्या आई-बापांनीही तिला हातभार लावला. त्या पैशातून घेतलेली वस्तू किती वर्षे चालेल, हे दूरदेशीच्या कंपनीने ठरवावे काय? अशा जुन्या संचांवर हलके लिनक्स टाकले तर ते आणखी कित्येक वर्षे मुलांच्या कामी येतील.

आणि ज्यांना वाटते की आता सगळे मोबाइलवर फुकट मिळते, भांडण संपले, त्यांना एकच विचारतो. फुकट अॅपचे दुकान चालते कशावर? 2020 च्या टाळेबंदीत वर्ग मोबाइलवर गेले, तेव्हा आपल्या मुलांची नावे, छायाचित्रे, क्रमांक कोणत्या कोणत्या कंपन्यांकडे गेले याचा हिशेब कोणाकडे आहे? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले. 2023 च्या विदा संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली. तो हक्क मोहल्ल्यातल्या आईपर्यंत तिच्या भाषेत कोण नेणार? आपणच ना?

म्हणून मागणे थोडके आहे. प्रत्येक उर्दू शाळेने या वर्षी निदान एक संगणक उजळ माथ्याने लिनक्सवर चालवावा. नवा मजकूर युनिकोडमध्येच लिहावा, आणि ज्यांच्याकडे जुन्या बंद फाइली आहेत त्यांनी त्या उघडणारे यंत्र शिल्लक आहे तोवर युनिकोडमध्ये आणाव्यात. शिक्षकांनी आपल्या प्रश्नपत्रिका, नोट्स, शब्दार्थ खुल्या परवान्यावर एकमेकांना द्यावेत. इल्म वाटल्याने घटत नाही, हे आपण मुलांना सांगतोच. शिक्षक संघटनांनी ठराव करावेत. देणगी देणाऱ्यांनी यंत्राबरोबर त्याच्या आतल्या मालाचीही पावती मागावी.

भाषेच्या अन्यायाविरुद्ध आपण खूप लिहिले. उर्दूला सरकार विचारत नाही, मराठीला घरातलेच विचारत नाहीत, वगैरे वगैरे. त्यातले पुष्कळ खरे आहे. पण जिथे कोणाची परवानगी लागत नाही, मंत्रालयात खेटे घालावे लागत नाहीत, तिथेही आपण गुलामीच पत्करत असू तर तक्रार कोणत्या तोंडाने करायची? आजाद चावी समोर ठेवलेली आहे. ती उचलायला पैसे लागत नाहीत. चोरीची चावी हातातून खाली ठेवावी लागते, एवढेच.