मावशी, दोन फटके द्या!

घोडपदेवला आमच्या चाळीतच पाळणाघर होते. ऑफिसला पळताना मुलाला तिथे सोडायचे आणि दारातूनच सांगायचे, "मावशी, ऐकलं नाही तर दोन फटके द्या!" आज ते आठवले की जीभ चावते. एका खोलीत आठ पोरे सांभाळणारी मावशी वाईट नव्हती. परवानगी माझीच होती.

शाळेतल्या छडीला 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी घातली, पण ती 6 ते 14 वर्षांच्या मुलांपुरती. बालगृहात मारणाऱ्या कर्मचाऱ्याला 2015च्या बाल न्याय कायद्याने पहिल्या वेळी 10 हजार रुपये दंड सांगितला. मुलांशी क्रूरपणे वागणाऱ्याला त्यात कैदही आहे. पण पाळणाघरातल्या 'साध्या' चापटीचे काय? 2016 साली खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली. बोलता न येणाऱ्या लेकरांची तक्रार कॅमेऱ्यानेच करायची का?

पाळणाघरांना परवाना हवा, तपासणी हवी आणि भिंतीवर 'इथे मुलांना मारत नाहीत' ही पाटीही हवी. पण त्याआधी आईबापांनी आपली परवानगी मागे घ्यावी. उद्या दारातच सांगा, "मावशी, रडला तर कडेवर घ्या; हात मात्र उगारू नका."