छपरावरचे ऊन आणि वाऱ्याचा हिशेब

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेने छपरावर सौर पॅनेल बसविणाऱ्या कुटुंबास कमाल ७८,००० रुपयांचे अनुदान देऊ केले. हे अनुदान ठरते ते किलोवॅटवर. पॅनेले ज्या सांगाड्यावर उभी राहतात त्याविषयी नियमांत अटी आहेत. पण सांगाडा अधिक भक्कम केला म्हणून अनुदानात एका पैशाचीही भर पडत नाही. परिणामी ठेकेदारांची चढाओढ दर किलोवॅट किमतीत चालते आणि काटकसर होते ती लोखंडाच्या जाडीत, जस्ताच्या मुलाम्यात व बोल्टांत. ग्राहकाची नजर तेथे पोचत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे जे वर्णन केले, त्याचाच हा छपरावरील अवतार होय.

वारा मात्र सवलत देत नाही. त्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी १२० किलोमीटर वेगाचा वारा चौरस मीटरला सुमारे ६८ किलोंचा दाब देतो. दोन चौरस मीटरच्या पॅनेलचे स्वतःचे वजन जेमतेम पंचवीस किलो. जून २०२० मध्ये 'निसर्ग' वादळ सोसलेल्या रायगडवासीयांना हे गणित शिकविण्याची गरज नाही. स्लॅबला भोके पाडली तर गळतीची धास्ती, म्हणून अनेक ठिकाणी सांगाड्यावर काँक्रीटचे ठोकळे ठेवून भागविले जाते. त्यांचे वजन हिशेबाने ठरले की अंदाजाने, हे विचारतो कोण? वीज कंपनीचा तपासनीस मीटर पाहावयास येतोच. त्याने शिडी चढून बोल्टही पाहावेत आणि वाऱ्याच्या दाबाचा लेखी हिशेब मिळेपर्यंत अनुदान रोखून धरावे.